मे महिन्यातला डोह

बेसिल, परवा रविवारी मी नदीवर जाऊन आले. तुमच्याच क्रमाने सांगते. पाणी बंधाऱ्यावरच्या खुणेखाली हातभर उतरलंय. रंग स्वच्छ, तळाचे गोटे दिसतात. नऊ वाजता हात घातला तेव्हाच कोमट होतं. वारा नाही. काठावरचं उंबर पिकलंय, फळं पाण्यात पडतायत, पण ती खायला खालून कुणी वर येत नाही. डोहात बोटाएवढ्या चिलापी फिरतायत. महसीर एकही दिसला नाही.

तुम्हाला जाऊन त्या दिवशी सोळा दिवस झाले होते.

मी तिथे का गेले ते सांगायलाच लिहायला बसले आहे. पण तिथपर्यंत पोचायचं तर आधी बाकीचं सांगावं लागेल, आणि त्यातलं बरंचसं तुम्हाला माहीत आहे. तरी सांगते. दोन वर्षं आपण धड बोललो नाही. माझ्याकडे फार साठलंय.

परळच्या हॉस्पिटलात माझ्या टेबलासमोर तुम्ही पहिल्यांदा बसलात तेव्हा तुमचा उजवा हात कानापर्यंतही जात नव्हता. खांदा पार आखडलेला. वय सहासष्ट, व्यवसाय कवळ्या बनवण्याचा, राहणार गिरगाव. फॉर्मवर एवढंच होतं. मी फिजिओथेरपिस्ट, सगळ्यांना विचारते तेच तुम्हाला विचारलं. काय करता येत नाही याचा सगळ्यात जास्त त्रास होतो? लोक सांगतात, शर्ट घालता येत नाही, वरच्या फळीवरचा डबा निघत नाही. तुम्ही काही न बोलता कोपऱ्यातली माझी छत्री डाव्या हाताने उचललीत, खोलीच्या मधोमध उभे राहिलात आणि ती मागे नेलीत. थोडं थांबलात. मग पुढे आणलीत.

"हे," म्हणालात. "हे येत नाही."

"हे काय आहे?"

"मासे धरतो मी. माशी लावून."

माझ्या डोळ्यांसमोर घरातली माशी आली. मग तुम्ही खिशातून एक छोटी डबी काढून टेबलावर उघडलीत. आत गळाच्या आकड्याला कोंबडीची पिसं आणि रेशमाचा दोरा गुंडाळून केलेले किडे होते. चतुर, मुंग्या, एक लाल लोकरीचं उंबर. दात कोरायच्या हत्यारांनी हे सगळं तुम्हीच बांधलेलं. त्याला वजन नसतं म्हणून ते फेकता येत नाही, दोर फेकावा लागतो, आणि दोर फेकायला खांदा लागतो, असं तुम्ही मला समजावलंत. मासा लागला की हातात घेऊन बघायचा आणि सोडून द्यायचा.

"सोडायचाच तर धरायचा कशाला?" मी विचारलं.

"तू पेशंट बरा झाला की ठेवून घेतेस का?"

मी तुम्हाला अंकल म्हणाले तेव्हा तुम्ही लगेच थांबवलंत. "अंकल नको. मी काय तुझ्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे? बेसिल म्हण." तेव्हापासून बेसिल. पण तुम्ही हे 'तुम्ही'च राहिलात, आणि मी तुमच्यासाठी पहिल्या दिवसापासून 'तू'.

पाच महिने लागले त्या खांद्याला. शेवटच्या महिन्यात मी म्हटलं, आता खरी काठी घेऊन या, मला तुमची हालचाल बघायची आहे. हॉस्पिटलात जागा नव्हती, म्हणून आपण सकाळी सहाला शिवाजी पार्कात भेटलो. दोराच्या टोकाला गळ नाही, पिवळ्या लोकरीचा तुकडा. चालायला आलेली माणसं थांबून बघायची. एका आजोबांनी विचारलं, "इथे मासे कुठे?" तुम्ही अगदी गंभीरपणे म्हणालात, "भरती यायची आहे." मग तुम्ही काठी माझ्या हातात दिलीत. माझा दोर माझ्याच मानेत गुंतला. "मागे नेलास की थांब," तुम्ही सांगितलंत. "दोर मागे सरळ होईपर्यंत थांबायचं. बघायचं नाही, फक्त थांबायचं. सगळ्यांचं तिथेच चुकतं."

त्या वर्षी आई गेली होती. दादरच्या घरात मी एकटी होते आणि रविवार सकाळ मला खायला उठायची. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही विचारलंही नाहीत. फक्त दर रविवारी साडेपाचला फोन यायचा, "उठलीस? वारा पडलाय, ये." त्या फोनने मला त्या वर्षातून बाहेर काढलं. याबद्दल आभार मानायला हवे होते आणि मानले नाहीत, हे एक.

नदीवर मला तुम्ही पहिल्यांदा नेलंत ते जानेवारीत. शनिवारी दुपारची एसटी, मग घाटाखालच्या फाट्यावरून चार किलोमीटर पायी. मुक्काम ताराबाईंच्या ओटीवर. ताराबाई तेव्हा साठीच्या असतील, नवरा वारलेला, मुली लग्न होऊन गेलेल्या. तुम्ही त्यांच्याकडे वीस वर्षं जात होतात. गावाच्या खाली नदी वळते तिथे मोठा डोह, काठावर देवीचं देऊळ, दगडी पायऱ्या पाण्यात उतरलेल्या. डोहातले मासे, सगळे महसीर, देवीचे. त्यांना कुणी हात लावायचा नाही. ताराबाईंच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या त्या माशांना भात घालायचं काम. संध्याकाळी त्या पायरीवर बसून हाताने पाणी थापटायच्या आणि खालून काळ्या पाठी वर यायच्या, मांडीएवढ्या जाड. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा घाबरून एक पायरी मागे सरले. ताराबाई हसल्या. "खात न्हाईत गं तुला," म्हणाल्या. "हा मोठा हाये ना, ह्याला माझ्या सासूनं बी भात घातलाय."

आपण डोहात कधीच दोर टाकला नाही. आपली जागा बंधाऱ्याखाली, जिथे पाणी दगडांवरून खळाळत जातं. तिथे जे यायचे ते लहान. तुम्हाला तेवढे पुरायचे.

दर शुक्रवारी तुम्ही पन्नास-साठ जणांच्या ग्रुपवर 'पाण्याची खबर' पाठवायचात. कुठली नदी किती उतरली, कुठल्या तलावाच्या काठाला चिखल उघडा पडलाय, पाणी गढूळ आहे का नितळ, पहाटे किती वाजेपर्यंत मासा वर येतो, कुठली माशी बांधावी. तुमचा अंगठा मोबाइलवर नीट चालेना तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. शुक्रवारी ड्यूटी संपवून मी गिरगावात यायची. तुमच्या वाडीतल्या घरात जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला कवळ्यांचे साचे आणि दुसऱ्या टोकाला पिसं. मधल्या जागेत फिलो चहा ठेवायची. तुमची धाकटी बहीण, तुमच्याहून कडक. "पीस चहात पडलं तर मला बोलू नका," हे तिचं ठरलेलं वाक्य. तुम्ही फोनवर माणसांना विचारून माहिती घ्यायचात आणि मला सांगायचात, मी टाइप करायची.

नियम एकच. डोहाचं नाव लिहायचं नाही. नदीचं नाव लिही, तालुका लिही, पण डोह नाही.

एप्रिल लागला की तुम्ही खबर अगदी आखडती करायचात. उन्हाळा सुरू होताना मासे धरायला सोपे असतात, हे मला तोवर कळलं होतं. पाणी कमी, स्वच्छ, मासा दिसतो, पहाटे भुकेला असतो. मी म्हणायची, आत्ताच तर मजा आहे. त्यावरून आपलं दर वर्षी वाजायचं.

"ऐक," तुम्ही म्हणायचात. "पावसाळ्यानंतर मासे नदीभर पसरलेले असतात. आता नदी सुकत आली. अख्ख्या नदीतले मासे एका डोहात येऊन राहिलेत. त्यांना दुसरीकडे जायला जागा नाही. तू डोह सांगितलास म्हणजे सगळी नदी सांगितलीस. आणि पाणी कोमट झालं की दमलेला मासा सोडलास तरी मरतो. नऊ वाजले, पाणी कोमट, काठी बंद."

"ग्रुपवरची माणसं आपलीच आहेत."

"आपल्या माणसांच्या पण ओळखी असतात."

हा वाद आपण संपवला नाही. तो माझ्यामुळे दुसरीकडेच गेला.

दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. सकाळी साडेसहा. बंधाऱ्याखाली, डोहाच्या तोंडाशी, मी तुमचं लाल लोकरीचं उंबर टाकलं आणि ते पाण्यात पडताच खालून कुणीतरी गिळलं. दहा मिनिटं मी त्याच्याशी झुंजत होते. तुम्ही शेजारी उभं राहून फक्त "सोड, जाऊ दे, आता ओढ" एवढंच म्हणत होतात. तो मासा माझ्या हातात आला तेव्हा त्याचे खवले तांब्याच्या भांड्यासारखे चमकत होते. मी बावन्न वर्षांची होते आणि मला रडू आलं. तुम्ही माझ्या मोबाइलवर फोटो काढलात. मग मासा वाहत्या पाण्याकडे तोंड करून धरायला लावलात, त्याचं शेपूट जोर करेपर्यंत. गेला.

फोटो तुम्ही काढलात, पण फेसबुकवर टाकला मी. सोमवारी दुपारी, हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसून. नदीचं नावसुद्धा लिहिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत नुसता पाऊस पडला कौतुकाचा. शाळेतल्या मैत्रिणी, जुने पेशंट, मासेमारीच्या कुठल्या कुठल्या ग्रुपमधली माणसं. बाई असून एवढा मोठा धरला, असं कुणी कुणी लिहिलं, आणि मला तेही आवडलं.

मंगळवारी सकाळी तुमचा फोन आला.

"मानसी, फोटो काढून टाक. मागे देवळाची कमान दिसते. त्यावर गावाचं नाव आहे."

मी फोटो मोठा करून बघितला. माझ्या खांद्यामागे दूर, लाल अक्षरं. मोठं केल्यावर वाचता येत होती.

"एवढं झूम करून कोण बघतंय?" मी म्हटलं.

"काढून टाक."

"काढते."

मी गुरुवारी रात्री काढला. हे दोन-तीन दिवस मी काय करत होते ते मला नीट आठवतं, बेसिल. अजून कोण काय लिहितंय ते बघत होते. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही मात्र बघितलं असणार, कारण शुक्रवारी मी गिरगावात आले तेव्हा तुम्ही फोटोचं नाव काढलं नाहीत. खबर सांगितलीत, मी टाइप केली. फिलोने चहा ठेवला. सगळं नेहमीसारखं होतं, फक्त तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात.

पुढच्या आठवड्यात ताराबाईंच्या मुलीचा फोन आला. तुम्ही मला फक्त एवढं म्हणालात, "डोहात पावडर टाकली कुणीतरी. मी जातोय." मी रजा टाकून तुमच्याबरोबर आले.

गावातून नदीकडे उतरतानाच वास आला. हॉस्पिटलात रोज फरशी पुसतात तोच, ब्लीचिंग पावडरचा. त्या वासात मी तीस वर्षं काम केलंय, कधी नाकाला जाणवला नव्हता. पायऱ्यांवर मासे मांडून ठेवले होते. लहान एका बाजूला, मोठे एका बाजूला, जसे ताराबाईंनी ओढून काढले तसे. ज्यांनी पावडर टाकली ते पहाटे जीप घेऊन आले होते, हाती लागले तेवढे मोठे मासे पोत्यात भरून नेले, बाकीचे तसेच सोडले. पुढचे दोन दिवस तळातून मासे वर येतच होते. ताराबाई वरच्या पायरीवर बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या. आपल्याला बघून एवढंच म्हणाल्या, "मोठा गेला."

तुम्ही बूट न काढता पाण्यात उतरलात. काठाशी एक मासा तरंगत होता, पोट वर. तुम्ही तो दोन्ही हातांनी सरळ केलात, तोंड बंधाऱ्याकडून येणाऱ्या धारेकडे केलंत आणि धरून राहिलात. पुढे, मागे. पुढे, मागे. कल्ल्यांमधून पाणी जावं म्हणून. ऊन डोक्यावर आलं तरी तुम्ही तसेच.

मी शेवटी म्हटलं, "बेसिल, तो मेलाय."

"माहीत आहे मला."

तरी तुम्ही सोडला नाहीत. किती वेळ ते मी सांगू शकणार नाही.

परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीशी बसलात. एसटी हमरस्त्याला लागली. मग मी ते वाक्य बोलले. दोन वर्षं झाली, ते रोज माझ्या कानात वाजतंय. मी म्हटलं, "माझ्या फोटोमुळेच झालं याला पुरावा काय? तो डोह काय कुणाला माहीत नव्हता?"

तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत. "मी काही बोललो का?"

बस. पनवेल आलं, चेंबूर आलं, दादरला मी उतरले. तुम्ही हात केला नाहीत. मीही केला नाही.

त्या शुक्रवारी मी गिरगावात आले नाही. तुम्हीही बोलावलं नाहीत. ग्रुपवर तुमचा चार शब्दांचा निरोप आला, 'खबर बंद. माफ करा.' मी समजले की तुम्ही मला शिक्षा देताय. मग मीही हट्टाला पेटले. मनात तुमच्याशी भांडायची. मी काय पावडर टाकली? जीप माझी होती? एक फोटो, बाईने आयुष्यात एकदा आनंद झाला म्हणून टाकलेला, त्याची एवढी शिक्षा? तुम्ही एकदा म्हणाला असतात, "मानसी, तुझं चुकलं," तर मी भांडले असते, रडले असते आणि मग कबूल केलं असतं. तुम्ही ती संधी दिली नाहीत. तुमच्या गप्प राहण्याचा मला त्या मेलेल्या माशांपेक्षा जास्त राग होता, हे लिहिताना लाज वाटते, पण तसं होतं.

आपली शेवटची भेट गेल्या वर्षी दिवाळीनंतर, दादरला रानडे रोडवर, दोरे-बटणांच्या दुकानात. तुम्ही काउंटरवर रेशमाची रिळं उजेडात धरून बघत होतात. बारीक झाला होतात. मी परत फिरणार होते, पण तुम्ही बघितलंत.

"अजून माश्या बांधता?" मी विचारलं.

"बांधतो. जात नाही कुठे."

मला वाटलं, हा टोमणा. मग डॉक्टरकीचं बोलले, कारण तेच येत होतं. "खांदा?"

"चालतो."

तुम्ही पुडी घेतलीत आणि जिना उतरून गेलात. दुकानदार मला विचारत होता, काय देऊ. मला काहीच नको होतं. मी पांढरं रीळ घेतलं आणि घरी आले.

तुम्ही गेल्याचं मला ग्रुपवरून कळलं. सकाळी आंघोळ करून टेबलाशी बसलात आणि तिथेच गेलात. चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर होते. शिवडीला माती देताना फिलोने मला पुढे ओढलं, "तू इथे उभी राहा." मला पुढे उभं राहायचा हक्क नव्हता, पण तिचा हात घट्ट होता.

आठवड्याने तिने मला घरी बोलावलं. टेबलावरचे कवळ्यांचे साचे उचललेले होते. तिने तुमचा खण ओढून टेबलावर ठेवला. डब्यांवर डब्या. प्रत्येकीत माश्या, ओळीने. मी एक उचलून बघितली. दोरा ताजा, पीस उभं, कुठे दाताची खूण नाही, पाण्याचा डाग नाही.

"एकही वापरली नाही त्याने," फिलो म्हणाली. "दोन वर्षं रोज सकाळी बसून बांधायचा. मी म्हणायची, जा ना बाबा एखाद्या रविवारी. नाही म्हणायचा. त्या एका वेळेनंतर गेलाच नाही."

"मी होते त्या वेळेला," मी म्हटलं.

"तू नव्हतीस. एकटा गेला होता. तुम्ही दोघं जाऊन आलात ना, त्यानंतर आठवड्याने. गुरुवार होता. मला म्हणाला, ताराबाईला भेटून येतो. काठी नेली नाही. आला तो असा लाल होऊन, ऊन लागलेलं. दोन दिवस अंथरुणात. विचारलं तर म्हणे, झालं काम. काय काम ते सांगितलं नाही." मग तिने माझ्याकडे बघितलं. "मला वाटलं तुला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. म्हणून मी परवा गेले.

ताराबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. खूप थकल्यात. मला लगेच ओळखलं, पण या म्हटलं नाही. मी खालीच उभी राहिले.

"बेसिल गेले," मी म्हटलं.

त्यांचा हात सुपात थांबला. "कवा?"

"सोळा दिवस झाले."

"कशानं?"

"हार्टचं."

त्यांनी दोन-तीन खडे उचलून अंगणात टाकले. मग बोलल्या त्या माझ्याकडे न बघता. "आला व्हता हितं. मासं मेल्यावर. तू ज्या जागी हुबी हायेस, तिथं. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. म्हणाला, तारा, माझ्या फोटोत कमान आली. मी जगाला दाखवलं. त्यावरनं माणसं आली. माझी चूक हाये."

मी मधे बोलायला गेले. त्या थांबल्या नाहीत.

"गावातली माणसं जमली. बोलली त्याला, लई बोलली. एकानं अंगावर बी हात टाकला. त्यो काय बोलला न्हाई. म्हणली, आता नदीवर पाय ठेवायचा न्हाई. हो म्हणाला. मग सगळ्यास्नी म्हणाला, त्या बाईला काय बोलू नका, तिला काय ठावं नव्हतं. ती आली तर येऊ द्या."

बेसिल, तुम्ही असं का केलंत? मी दोन दिवस हेच विचारतेय. फोटो तुम्ही काढलात हे खरं. पण तो दाखवला मी, आणि सांगितल्यावरही ठेवला मी. तुम्हाला वाटलं मला ते पेलणार नाही? तुम्ही माझा खांदा बघितला होतात का कधी? मी विचारते रागाने. आणि त्याच वेळी मला ते उन्हात, हातात टोपी धरून उभे राहिलेले तुम्ही दिसता, वीस वर्षांच्या ओळखीच्या माणसांकडून शिव्या खाताना, आणि माझ्यासाठी नदी राखून ठेवताना. तुमच्या वाटणीची नदी तुम्ही मला दिलीत. मला न विचारता. आणि मी दोन वर्षं तुमच्यावर रुसून बसले. यातलं कुठलं पहिलं म्हणू, आभार की भांडण, ते मला ठरवता येत नाही. भांडण करायला तुम्ही हवे होतात.

मी ताराबाईंना सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं. फोटो माझा. मी टाकला. बेसिलनी सांगितलं होतं काढ म्हणून, मी ऐकलं नाही. गावाचं नाव वाचता येत होतं हे मला माहीत होतं.

शेजारच्या अंगणात कुणीतरी पापड वाळत घालत होतं, त्या बाईने मान वर करून बघितलं आणि परत खाली घातली.

"म्हंजे त्यो खोटं बोलला," ताराबाई म्हणाल्या.

"हो."

"आन्‌ मी त्याला वट्यावर चढू दिलं न्हाई." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "ह्या उन्हात चार किलोमीटर चालत आला व्हता. परत चालत जायचा व्हता. म्हातारा माणूस. पाणी मागितलं न्हाई त्यानं. मी बी इचारलं न्हाई. घरात माठ भरलेला व्हता."

त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, आता दार लागेल. मी निघायला वळले. तेवढ्यात त्या तांब्या घेऊन बाहेर आल्या. ओट्याच्या कडेला आल्या आणि तांब्या माझ्यापुढे धरला.

मी हात पुढे केला नाही. मला ते घेणं शक्य नव्हतं.

"घे," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी न्हाई आणलं."

मी तांब्या घेतला. पाणी गार होतं. मी उभ्यानेच प्यायले, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि त्या समोर उभं राहून बघत होत्या. रिकामा तांब्या त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला.

"आता जा," म्हणाल्या. "फिरून येऊ नकोस."

मी हो म्हटलं.